जोड बरोबरीची नसते तेव्हा

उद्या दुपारी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा सामना आहे. समोरचा संघ गुणतक्त्यात सगळ्यात वर, या हंगामात अजून एकही सामना न हरलेला. आम्ही तळाकडचे. आमच्या प्रशिक्षकांनी ठरवलं आहे की चार आणि पाच अशा दोन फळ्या आपल्याच अर्ध्यात उभ्या करायच्या, पुढे एकच पोरगा ठेवायचा आणि मिळेल त्या एखाद-दुसऱ्या संधीवर धाव घ्यायची. ही गोष्ट बाहेर फुटली आणि गेले आठ दिवस पेठेत, गंगावेशच्या दूध कट्ट्यावर, स्टेडियमबाहेर लावलेल्या मोटारसायकलींवर बसून एकच वाद चालला आहे. "हरायचं तर लढून हरा की. दार लावून बसायचं असलं तर मैदानात कशाला येताय?" हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं की आता रात्री अंथरुणावर पडलो तरी तेच ऐकू येतं.

मला हे म्हणणं मुळातच चुकीचं वाटतं, आणि ते उद्याच्या एका सामन्यापुरतं नाही. दुबळा संघ खेळाचं एकच देणं लागतो: जे हाताशी आहे त्यानिशी निकाल आपल्याकडे ओढण्याची प्रामाणिक खटपट. ती पुढे जाऊन करायची की मागे राहून, हे ठरवायचा हक्क त्याचा स्वतःचा आहे. प्रतिस्पर्ध्याचा तो नाही, आणि तिकीट काढून आलेल्याचाही नाही. वाईट याचं वाटतं की आमच्या बाजूने बोलणारेही असं ठासून सांगत नाहीत. ते मान खाली घालून म्हणतात, "काय करणार, पोरं कमी पडतात, नाइलाज आहे." म्हणजे टीका करणारा आणि बाजू घेणारा, दोघंही एकच गोष्ट धरून चालतात की चढाई म्हणजे मर्दुमकी आणि बचाव म्हणजे लाज. मग वाद उरतो तो फक्त ही लाज क्षम्य आहे की नाही एवढाच. पण ती मुळात लाज आहे हे ठरवलं कुणी?

विरोधकांच्या म्हणण्यात जे सगळ्यात वजनदार आहे ते आधी घेतो, कारण ते आपल्या मातीतून आलेलं आहे. कोल्हापूरला निकाली कुस्तीची सवय आहे. शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबागेत १९१२ पासून लोक चीतपट पाहायला येतात. दोन पैलवान नुसते खडाखडी करत राहिले, हातात हात घेऊन वेळ काढू लागले, तर प्रेक्षक गप्प बसत नाहीत. बरोबरीत सुटलेल्या कुस्तीची आठवण कुणी नातवाला सांगत नाही. आपल्या तालमींचे फुटबॉल संघ याच आखाड्यांच्या सावलीत वाढले, संघांच्या नावातच 'तालीम' आहे. तेव्हा मैदानात उतरलास तर भिड, ही अपेक्षा बाहेरून आणलेली नाही. ती आपल्या रक्तातली आहे, हे मी मान्य करतो.

पण कुस्तीची ही परंपरा अर्धीच का सांगायची? मैदान भरवणारा पंच सकाळपासून काय करत असतो? तो जोड लावत असतो. लंगोट लावून पोरं समोर उभी राहतात, वय बघतात, उंची बघतात, दंड-मांड्या बघतात, मागची कुस्ती कुणी कुणाशी केली ते विचारतात, आणि मगच हातात हात देतात. विजोड कुस्ती लावली तर वस्ताद भांडायला उठतात. चीतपटीचा आग्रह धरायचा नैतिक अधिकार खासबागेला मिळतो तो या जोडीमुळे. दोघांना बरोबरीचं उभं केलं, आता भिडा. लीगमध्ये अशी जोड लागत नाही. तिथे कार्यक्रमपत्रिका छापली जाते आणि ज्याच्याकडे परदेशी खेळाडू आणायची, पोरांना दूध-अंडी पुरवायची, दुखापतीला चांगला डॉक्टर दाखवायची ऐपत आहे, तो आणि ज्याची नाही तो एकाच मैदानात येतात. हा अन्याय आहे असं मी म्हणत नाही. लीग अशीच असते, आणि तशी असण्यातच तिचं सौंदर्य आहे. पण जिथे पंचाने जोड लावून दिलेली नाही, तिथे ती स्वतःहून लावून घ्यायचं काम दुबळ्याच्या अंगावर पडतं. मैदान आखूड करणं, दोन फळ्यांतलं अंतर कमी करणं, वेग मंद करणं, सामना नव्वद मिनिटांचा न ठेवता दहा-बारा क्षणांचा करणं, ही सगळी जोड लावण्याचीच रीत आहे. मोकळं मैदान ज्याच्या सोयीचं, त्याने "मोकळं खेळा" म्हणावं आणि आपण ते शौर्याचं आवाहन समजावं, यात काय शहाणपण आहे?

जगभर ज्या शब्दाने आता बचावाची हेटाळणी होते तो 'बस उभी करणे' हा शब्दप्रयोग रूढ कसा झाला पाहा. सप्टेंबर २००४ मध्ये लंडनमध्ये चेल्सी आणि टॉटनहॅम यांचा सामना गोलशून्य सुटला. सामन्यानंतर चेल्सीचे पोर्तुगीज प्रशिक्षक जोझे मोरिन्यो चिडून म्हणाले की आमच्याकडे म्हणतात तसं, यांनी बस आणली आणि गोलपुढे उभी केली. चेल्सीमागे तेव्हा रशियन अब्जाधीश अब्रामोविच यांची तिजोरी उघडी होती. म्हणजे जगाच्या तोंडी हा शब्द बसवला तो त्या काळातल्या एका अतिश्रीमंत संघाच्या प्रशिक्षकाने, घरच्या मैदानावर गोल झाला नाही म्हणून. पुढे २०१० मध्ये इंटर मिलानला घेऊन बार्सिलोनाच्या मैदानावर हेच मोरिन्यो तासाभराहून जास्त वेळ दहा खेळाडूंनिशी आपल्या गोलपुढे उभे राहिले, आणि तेव्हा जगाने त्याला डावपेच म्हटलं. शब्द कुणाच्या सोयीचे असतात, ते यावरून कळतं.

याहून मागे गेलं तर आणखी स्पष्ट दिसतं. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये कार्ल रापान या ऑस्ट्रियन प्रशिक्षकाने बचावामागे एक जादा माणूस ठेवण्याची पद्धत बसवली. तिला तिथे कडी किंवा अडसर या अर्थाचा शब्द होता. त्याची पोरं दिवसा नोकरी करून खेळणारी होती, मोठ्या देशांच्या पूर्णवेळ खेळाडूंशी दमसासात ती टिकणार नव्हती, म्हणून त्याने धाव वाचवणारी रचना शोधली. १९३८ च्या विश्वचषकात याच स्वित्झर्लंडने पॅरिसमध्ये जर्मनीला ४-२ असं हरवलं, तेही दोन गोलांची पिछाडी भरून काढून. ऑस्ट्रिया गिळून तिचे खेळाडूही संघात घेतलेली ती जर्मनी होती. दहा वर्षांनी इटलीत प्रशिक्षक नेरेओ रोक्कोने त्रिएस्तिनासारख्या छोट्या संघाला १९४७-४८ च्या हंगामात दुसऱ्या स्थानाच्या मानात नेऊन बसवलं, आणि तो हंगाम सव्वाशे गोल करणाऱ्या तोरिनोचा होता. आमच्या संघातला स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत पाळी करतो. रात्रपाळी संपवून तो सरावाला येतो तेव्हा त्याच्या बनियनला वाळूचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास असतो. रापानने जी अडचण सोडवली ती नव्वद वर्षांनीही तीच आहे.

आता एक उदाहरण, जे माझ्या विरोधात जातं आणि जे मला टाळायचं नाही. २५ मे १९६७, लिस्बन, युरोपियन चषकाची अंतिम फेरी. एका बाजूला प्रशिक्षक एलेनिओ एरेराचा इंटर मिलान. बचावाची हीच विद्या त्यांनी श्रीमंताच्या हातातलं शस्त्र करून टाकली होती, दोनदा युरोप जिंकला होता. समोर ग्लासगोचा सेल्टिक, ज्याचे सगळेच्या सगळे खेळाडू ग्लासगोच्या तीस मैलांच्या आत जन्मलेले. इंटरने सुरुवातीला पेनल्टीवर गोल केला आणि दार लावलं. सेल्टिकने मग हल्ल्यामागून हल्ले चढवले आणि सामना २-१ असा जिंकला. गरिबाने चढाई केली आणि श्रीमंताचा बचाव फोडला. माझ्याशी वाद घालणाऱ्याने हा सामना पुढे केला तर मी काय म्हणणार?

मी एवढंच म्हणेन की त्याच सेल्टिकचा दुसरा सामनाही बघा. ७ नोव्हेंबर २०१२, ग्लासगो, समोर मेस्सीचा बार्सिलोना. चेंडू ऐंशी टक्क्यांहून जास्त वेळ बार्सिलोनाच्या पायात होता. सेल्टिक आपल्या गोलपुढे दाटीवाटीने उभा राहिला, गोलरक्षक फ्रेझर फॉर्स्टरने जे अडवायचं ते अडवलं, एका कॉर्नरवर वान्यामाने डोक्याने गोल केला आणि शेवटाकडे अठरा वर्षांच्या टोनी वॅटने दुसरा. निकाल पुन्हा २-१. आता सांगा, १९६७ चा सेल्टिक शूर आणि २०१२ चा भित्रा? त्या रात्री त्या स्टेडियममध्ये जो गजर झाला तो लाजलेल्या माणसांचा होता? १९६७ मध्ये त्यांच्याकडे इंटरला नव्वद मिनिटं पळवायचे पाय होते, ते त्यांनी वापरले. २०१२ मध्ये तसे पाय नव्हते, म्हणून जे होतं ते वापरलं. दोन्ही वेळा त्यांनी स्वतःचं बळ खरंखुरं मोजलं. माझा आग्रह बचावासाठी नाही, या मोजणीसाठी आहे.

टिकून राहण्याला कौशल्य म्हणायला आपल्याला कुणी परदेशातून शिकवण्याची गरज तर मुळीच नाही. खो-खो आपला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर त्याचे नियम बांधले गेले, आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेच्या मैदानावर आजही दोन खांब दिसतात. त्या खेळात पळणारा काय करतो? फक्त वाचतो. हुलकावणी देतो, खांबाला वळसा घालतो, साखळी पळतो, घड्याळ पुढे सरकू देतो. कोण किती मिनिटं नाबाद राहिला यावर त्याचं मोठेपण ठरतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. तिथे ठरावीक वेळेपलीकडे टिकलेल्या तुकडीला ड्रीम रनचे गुण मिळत होते. कबड्डीतही तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड केली तर जादा गुण आहे, म्हणजे संकटात सापडलेल्या बाजूने धीर धरला तर खेळच त्याचं मोल वाढवतो. पळतीच्या पोराला आपण भित्रा म्हटलेलं मला आठवत नाही. मग तेच पोरगं दुपारी बूट घालून शाहू स्टेडियमवर उतरलं की आपले निकष का बदलतात?

प्रेक्षकांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. उन्हात गॅलरीत बसून माणूस पैसे देतो, कामाचा अर्धा दिवस मोडतो, त्याला खेळ दिसला पाहिजे. पण प्रेक्षकाला बचाव आवडत नाही हे खरं आहे का? १० सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवा. दोहामध्ये विश्वचषक पात्रतेचा सामना, समोर त्याच वर्षी आशियाई विजेता झालेला कतार, आणि आपला सुनील छेत्री आजारी म्हणून बाहेर. कतारचे फटक्यांमागून फटके येत होते आणि गुरप्रीतसिंग संधू एकेक अडवत होता. सामना गोलशून्य सुटला. त्या रात्री देशात कुणी म्हटलं का की भारताने मोकळं खेळून पाच गोल खायला हवे होते? जानेवारी २०२१ मध्ये सिडनीला हनुमा विहारीने मांडीचा स्नायू दुखावलेला असताना १६१ चेंडूंत २३ धावा केल्या, अश्विन १२८ चेंडू उभा राहिला, आणि अजिंक्य रहाणेच्या संघाने सामना वाचवला. त्या संथ धावांचं आपण किती कौतुक केलं! मुंबईच्या क्रिकेटमधला 'खडूस' हा शब्द तर आपण बिरुदासारखा मिरवतो. आपल्याला बचाव कंटाळवाणा वाटत नाही. तो आपल्या माणसाने केला की आपण श्वास रोखून बघतो, आणि दुसऱ्याने केला की जांभई देतो. असं असेल तर प्रश्न सौंदर्याचा उरत नाही, तो आपपराचा होतो. उद्या गॅलरीत आमच्या पेठेचे लोकही असणार आहेत. त्यांच्यासाठी सत्तराव्या मिनिटाचा गोलशून्य फलक हा जगातला सगळ्यात थरारक देखावा असेल. त्यांचं तिकीट काही कमी पैशांचं नाही.

इथे मात्र एक रेघ ओढलीच पाहिजे, कारण आमच्याच बाजूने ती नेहमी पुसली जाते. धक्का न लागता कोसळणं, पायाला हात लावून लोळणं, चेंडू गॅलरीत भिरकावणं, चांगल्या खेळाडूचा घोटा हेरून लाथ घालणं, पंचाभोवती कोंडाळं करणं, हा बचाव नव्हे. ती लबाडी आहे, आणि ती आमच्या पोरांनी केली तर मी गॅलरीतून त्यांच्यावरच ओरडेन. मागे एका सामन्यात आमच्याच एका खेळाडूने शेवटच्या दहा मिनिटांत तीनदा असं नाटक केलं, तेव्हा मला बरोबरी मिळूनही घरी जेवण गेलं नाही. पण लबाडीवरचा राग काढायला बचावाला का झोडपायचं? जिथे बचावाने खेळ खरोखर रेंगाळला तिथे फुटबॉलने नियम बदलले. १९९० चा विश्वचषक रटाळ झाला, आणि १९९२ पासून सहकाऱ्याने पायाने दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यायला बंदी आली. इंग्लंडने १९८१ मध्ये विजयाला दोनाऐवजी तीन गुण दिले, पुढे जगाने ते उचललं. आता २०२५ पासून गोलरक्षकाने आठ सेकंदांहून जास्त वेळ चेंडू हातात धरला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. हीच रीत सरळ आहे. कायदा सगळ्यांना सारखा लागू होतो. टोमणा फक्त गरिबाला लागतो.

बचावाने पोरं घडत नाहीत, चेंडू खेळायला शिकत नाहीत, असंही एक ज्येष्ठ खेळाडू मला परवा म्हणाले. त्यांनी स्वतः अनेक वर्षं मधल्या फळीत खेळ केला आहे, त्यांच्या शब्दाला मान आहे. बारा-चौदा वर्षांच्या पोरांबद्दल ते अगदी बरोबर आहेत. त्या वयात गुणतक्ता बघूच नये, चेंडू पायाला चिकटायला शिकवावं. पण मोठ्या गटातल्या सामन्याला शिबिर समजणं बरोबर नाही. आणि बचावात शिकण्यासारखं काही नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमचा सराव बघायला यायला हवं होतं.

सकाळी सहाला मैदानावर अजून दव असतं. प्रशिक्षकांनी गोठ्यातलं जुनं दावं आणलं आणि चौघा बचावपटूंच्या कमरेला बांधलं, दोघांमध्ये आठ-दहा पावलांचं अंतर ठेवून. मग ते स्वतः चेंडू घेऊन डावीकडून उजवीकडे चालू लागले. चेंडू सरकला की चौघांनी एकदम सरकायचं. पहिल्या दिवशी माझा पुतण्या, डावा बॅक, चेंडूकडे बघत एकटाच पुढे सटकला आणि दाव्याच्या हिसक्याने बसला ढेंगळून. स्टॉपरही त्याच्यासोबत ओढला गेला. प्रशिक्षक ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "तू पुढं गेलास तेव्हा तुझ्या मागं किती जागा पडली?" पोराने मागे वळून बघितलं. चार दिवसांनी तोच मला सांगत होता, "काका, आता चेंडू बघायलाच लागत नाही. दावं ढिलं पडलं का ताणलं, त्यावरनं कळतंय." एका माणसाचं पाऊल दुसऱ्याच्या कमरेत कळणं, हे शिक्षण नाही? २०२२ च्या विश्वचषकात सौदी अरेबियाने मेस्सीच्या अर्जेंटिनाला २-१ असं हरवलं. पूर्वार्धात अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड, म्हणजे बचावाच्या रेषेपलीकडून घेतलेले, ठरले, कारण चार-पाच माणसं एका रेषेत एकाच वेळी एक पाऊल पुढे टाकत होती. एकजण जरी अर्धा क्षण उशिरा निघाला असता तर सामना तिथेच संपला असता. असा धोका पत्करणाऱ्यांना बचावात्मक म्हणायचं आणि वर धाडस कमी म्हणायचं, हे मला पटत नाही.

राहता राहिला सगळ्यात व्यवहारी आक्षेप: हे सगळं ठीक, पण बहुतेक वेळा याचा उपयोग होत नाही. दार लावलं तरी धडका बसत राहतात आणि शेवटी कडी तुटतेच. हे खरं आहे. नव्वद मिनिटं नुसतं मागे बसणारा संघ बहुतेक वेळा हरतो, आणि उद्याही आम्ही हरण्याची शक्यता जास्त आहे, हे मला ठाऊक आहे. पण याला उत्तर म्हणून "म्हणून उघडे पडा" असं निघत नाही. गेल्या हंगामात आम्ही याच संघाशी मोकळं खेळलो आणि पाच गोल खाल्ले. "काय लढली पोरं" असं ज्यांनी पाठ थोपटून सांगितलं, त्यांत सगळ्यात पुढे समोरच्याच पेठेचे लोक होते. ते कौतुक मला तेव्हाही गिळवलं नव्हतं.

या आक्षेपाचं खरं उत्तर आमच्या पश्चिमेच्या डोंगरावर आहे. १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्यावर अडकले तेव्हा मार्चपासून सिद्दी जौहरचा वेढा पडला होता. गड लढवण्यामागे एक हिशोब असतो: वेळ गडावरच्या माणसाच्या बाजूने असते, पाऊस लागला की वेढा ढिला पडतो. त्या वर्षी तो हिशोब चुकला. सिद्दीने पावसातही वेढा उठवला नाही. नुसतं दार लावून भागलं नसतं, म्हणून जुलैच्या भर पावसातल्या रात्री बाहेर पडण्याची वाट काढली गेली, आणि घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदल मावळ्यांनी शत्रूला रोखून धरलं. तिथेही काम होतं वेळ काढण्याचंच. खिंडीत उभं राहून वेळ काढणाऱ्या माणसांना आपण साडेतीनशेहून अधिक वर्षं काय म्हणत आलो? त्यांनी मोकळ्या माळावर येऊन लढायला हवं होतं, असं एका तरी माणसाने म्हटलं आहे का? खेळातला पराभव मरण नसतो आणि मी त्यांची बरोबरी करत नाही. पण बचावाला दोन अंगं लागतात, धरून ठेवणारी खिंड आणि निसटायची वाट, हे आम्हाला इथल्याच भूगोलाने शिकवलं आहे. म्हणून आमच्या प्रशिक्षकांनी त्या पुढच्या एकट्या पोराला रोज पाऊण तास वेगळं पळवलं. चेंडू सुटला की उजव्या कोपऱ्याकडे आडवी धाव, मान वर न करता. तो पोरगा टेम्पो चालवतो. अंतराचा अंदाज त्याला आमच्यापेक्षा चांगला आहे.

यातून काही हाती लागतं का, हे पाहायचं तर खालिद जमील यांच्याकडे पाहावं. २००९ पासून २०१६ पर्यंत ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. पैसा थोडा, कूपरेजवर प्रेक्षक थोडे, खेळ चिवट आणि बचावाचा. त्यावर कंटाळवाणा म्हणून टीका व्हायची, पण आय-लीग या राष्ट्रीय लीगमधली जागा दर वर्षी टिकायची. ते गेले आणि पुढच्याच हंगामात संघ तळाला जाऊन बाहेर पडला, मग बंदच झाला. जमील त्या हंगामात ऐजॉलला होते. ऐजॉल आदल्या वर्षी खालच्या गटात गेलेला, इतर संघांनी माघार घेतली म्हणून पुन्हा घेतला गेलेला. मिझोरामच्या त्या संघात मुंबईचे जयेश राणे आणि आशुतोष मेहता होते, गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स. २२ एप्रिल २०१७ ला त्यांनी मोहन बागानला १-० असं हरवलं, झोमिंगलियाना राल्तेने सामना संपायला थोडी मिनिटं असताना डोक्याने गोल केला. हंगाम संपला तेव्हा ऐजॉलचे ३७ गुण होते, मोहन बागानचे ३६. एक गुण! वर्षभरात कुठल्या तरी मैदानावर दार लावून वाचवलेली एखादी बरोबरी त्या एका गुणात असेलच की नाही? ऑगस्ट २०२५ मध्ये तेच जमील भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले.

ऐजॉलची पुढची गोष्ट कडू आहे. विजेतेपद मिळवूनही इंडियन सुपर लीग या वरच्या झगमगत्या लीगचं दार त्यांना उघडलं नाही, कारण तिथे प्रवेश खेळून मिळत नव्हता. "छोट्या संघांनी सामना रटाळ केला" हे वाक्य जिथे जाऊन थांबतं ती जागा हीच आहे. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी स्वतःची बंद लीग जाहीर केली, तेव्हा त्यांचाही युक्तिवाद असाच होता: मोठ्यांनी मोठ्यांशी खेळावं, लोकांना तेच बघायचं आहे. चेल्सीचे स्वतःचे चाहते मैदानाबाहेर रस्त्यावर उतरले, आणि दोन दिवसांत इंग्लंडचे सहाही क्लब मागे फिरले. त्या चाहत्यांना जे कळलं ते आपल्या कट्ट्यावरही कळायला हवं. वरच्याला खालच्याच्या मैदानात जाऊन अडकण्याची भीती राहिली नाही, तर वरचा असण्याला किंमत काय राहते? उद्या आम्ही त्यांना अडवणार आहोत म्हणूनच त्यांनी आम्हाला फोडलं तर तो त्यांचा खरा विजय असेल. तेवढं देणं आम्ही लागतो, आणि ते चोख देणार आहोत.

आज सकाळी शेवटचा सराव झाला. प्रशिक्षकांनी दावं सोडलं, गुंडाळून माझ्याकडे दिलं आणि चौघांना तसंच उभं केलं. मग चेंडू घेऊन ते पुन्हा डावीकडून उजवीकडे चालू लागले, मध्येच वळले, एकदा फसवून मागे फिरले. पोरं सरकत होती. मी बांधावर उभा राहून दोघांमधली पावलं मोजत होतो. आठ, नऊ, आठ, आठ, नऊ. फाउंड्रीवाल्या पोराची उद्याची पाळी दुपारी दोनला होती. त्याने ती बदलून घेतली आहे.